दाबायचं दुसऱ्यानं

भिंगरीचा फोन आला तेव्हा धाकटा एका बारा मजली इमारतीच्या तळाशी, लिफ्टखालच्या खड्ड्यात उकिडवा बसून बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगा तपासत होता. डोक्याच्या वर हातभर अंतरावर लिफ्ट लटकलेली. असल्या जागी शहाणी माणसं फोन घेत नाहीत, पण पुतणीचा फोन त्यानं आजवर कधी नुसता वाजू दिला नव्हता. "काका, माझ्या गाडीचा पुढचा ब्रेक किंचाळतोय रे," ती म्हणाली. "दाबला की लोक वळून बघतात. पॅड संपलेत. नवे आणून ठेवलेत मी. रविवारी घरीच बदलू, तू आणि मी." तो म्हणाला, "गॅरेजात टाक की." "तो दोन दोन दिवस गाडी अडकवून ठेवतो. आणि आईच म्हणाली, गॅरेज कशाला, काकाला येतं. झोपेतसुद्धा करील म्हणाली." त्यापुढं ती बरंच बोलली असावी. धाकट्याला ऐकू आलं ते एवढंच, की आई म्हणाली. फोन बंद झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा हात बॅटरी आवळतोय आणि सोडतोय. आवळतोय आणि सोडतोय. चारदा झालं तेव्हा तो हात आपला आपण थांबला.

त्याला धाकटा म्हणायचे ते घरात दोन भाऊ होते म्हणून. थोरला जाऊन एकोणीस वर्षं झाली, याच्या कानशिलांवर पांढरं चढलं, सत्तेचाळिशी आली, तरी हा धाकटाच राहिला. ज्याच्या मानानं धाकटा तो माणूसच उरला नाही, पण एकदा चिकटलेलं नाव काढून कोण घेणार? कचेरीत त्याला 'चारदा' म्हणत. तो लिफ्टा तपासायचा. इतरांनी बसवलेल्या, इतरांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टा बघायच्या आणि कागदावर सही करायची. पण दार चारदा उघडमीट केल्याशिवाय, ब्रेक चारदा लावून सोडल्याशिवाय हा बाबा सही करील तर शपथ. "चारदा आलाय, आज जिने चढा रे!" अशी शिपाई आरोळी ठोकायचा आणि सगळे हसायचे, तोही हसायचा. साहेबांनी एकदा भर बैठकीत विचारलं होतं, इतकी काळजी तुमच्या अंगात आली कुठून हो? तेव्हा त्यानं मान खाली घालून समोरचे कागद चाळले होते. कारण स्वतःच्या हातानं त्यानं एकोणीस वर्षांत एक स्क्रू आवळला नव्हता. घरातला पंखा कुरकुरला तरी माणूस बोलवायचा, आणि तो काम करत असताना मागं हात बांधून उभा राहायचा. दुसऱ्यानं केलेलं बघायचं. आपण काही करायचं नाही. असा एक कायदाच त्यानं स्वतःला लावून घेतला होता आणि घरात कुणी त्याबद्दल ब्र काढला नव्हता. मग वहिनी असं का म्हणाल्या? बसमध्ये दांडीला लोंबकळताना, कचेरीत सही करताना, जिना चढताना तो तेच उगाळत राहिला. त्या घरात जेवताना सगळ्या जगाचं बोलणं व्हायचं, पण गाडीच्या ब्रेकचं नाव निघायचं नाही. ठरवून नव्हे. तशी सवयच पडली होती. आणि आता वहिनींनी सहज सांगावं, काकाला येतं? चोराच्या मनात चांदणं, तसं त्याचं झालं. तीन दिवस तो वहिनींचा चेहरा चोरून वाचत होता आणि तिथं रोजच्यासारखंच सगळं होतं, चष्मा, कपाळावरची आठी, भाजी चिरताना पुढं आलेला खालचा ओठ. शनिवारी त्यानं धीर करून विचारलं, "वहिनी, तुम्ही भिंगरीला सांगितलंत, मला येतं म्हणून?" "येत नाही का?" "यायचं." "मग झालं तर," वहिनी म्हणाल्या आणि सुरी पाण्याखाली धरली.

हे काम त्या दोघा भावांना वडिलांनी शिकवलं होतं. वडील छापखान्यात यंत्रं जुळवायचे. एक बोट त्यांनी तिथंच ठेवलं होतं, आणि ते कुठं ठेवलं असं पोरांनी विचारलं की म्हणायचे, घाईपाशी. घरातली सायकल असो की पुढं आलेली मोटरसायकल, कामाची रीत ठरलेली. खोलणाऱ्यानं बांधायचं, पण दाबायचं दुसऱ्यानं. म्हणजे ज्यानं पाने चालवले त्यानं काम पुरं करून बाजूला व्हायचं आणि तपासायचं दुसऱ्यानं. आपली चूक आपल्याला दिसत नाही, आपली पाठ दिसत नाही तशी, असं ते म्हणायचे. आणि जोवर दुसऱ्यानं तपासलं नाही तोवर हँडलला चिंधी. वडिलांच्याच जुन्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाची वीतभर पट्टी होती ती, दाराशेजारच्या खुंटीला असायची. काम सुरू झालं की खुंटीवरून हँडलवर, दुसऱ्यानं तपासलं की हँडलवरून खुंटीवर. चिंधी असलेल्या गाडीला घरातलं कुणी हात लावायचं नाही, अगदी आईसुद्धा तिच्यावर ओला टॉवेल टाकायची नाही. ब्रेकचे पॅड बदलले की हे फार गरजेचं. नवे पॅड जाड असतात, ते बसावेत म्हणून त्यांना दाबणारे पिस्टन आत ढकलावे लागतात, आणि त्यामुळं पहिल्यांदा लिव्हर दाबली की ती पोकळ जाते, थेट मुठीला टेकते, ब्रेक लागतच नाही. दोनदा, तीनदा, चारदा दाबायची. मग पिस्टन पुढं येतात, पॅड चाकावरच्या चकतीला भिडतात आणि लिव्हर दगडासारखी घट्ट होते. तेव्हा दुसऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "भरला!" मोटरसायकल आल्यावर या एका शब्दासाठी दोघं पोरांसारखे भांडायचे. आज तू पाने घे, मी भरला म्हणणार. दादा बहुतेक वेळा जिंकायचा. त्याचा आवाज मोठा होता.

रविवारी सकाळी भिंगरीनं गाडी अंगणातल्या सपाटीवर डबल स्टँडला लावली. अंगण कसलं, फाटकापर्यंतची दहा पावलं. आणि फाटकाच्या बाहेर पाय टाकला की उतार, सरळ खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत. ती जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बसली, केस वर बांधलेले, बाहीला आत्ताच काळं लागलेलं. चोवीस वर्षांची पोर, दवाखान्यात लोकांचे मोडलेले हातपाय पुन्हा चालते करायची, बोटांत ताकद अशी की डबे तिच्याकडूनच उघडून घ्यायचे. "मी खोलते, तू सांग," ती म्हणाली. पण दुसऱ्याच बोल्टला पाना घसरला आणि धाकट्यानं तो तिच्या हातातून कधी घेतला हे त्यालाही कळलं नाही. हात विसरले नव्हते. कसे विसरतील मेले! पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात त्या कॅलिपरचे दोन बोल्ट, मग पॅड धरून ठेवणारी पिन, मग जुने पॅड, कागदाइतके झिजलेले, एका बाजूला तर पत्राच घासत होता. ब्रशनं पिस्टनवरचा चिखल काढला. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून भोवती फडकं गुंडाळलं, कारण पिस्टन आत गेले की ऑइल वर चढतं. हे सगळं हात करत होते आणि तो स्वतः कुठंतरी मागं, हात बांधून, दुसऱ्याचं काम बघावं तसा बघत होता. "आई म्हणते ते खरंच आहे," भिंगरी म्हणाली. "झोपेत करशील." जुना पॅड मध्ये घालून त्यानं पिस्टन हळूहळू आत ढकलायला सुरुवात केली. ते जड जातात, आणि मग एकाएकी सरकतात. हाताला ती सरक लागली आणि तो ढकलता ढकलता थांबला.

त्या दिवशीही रविवारच होता. दुपारी वहिनींचा भाऊ जेवायला आला होता, आणि बोलता बोलता गाडीच्या ब्रेकचा विषय निघाला. धाकटा म्हणाला, मी बदलतो आज. दादा हसला. "ह्याच्यावर सोपवायचं तर गाडी आहे तशीच बरी. हा बांधतो तेव्हा दोन नट हमखास उरतात," असं म्हणाला, आणि पाहुणा हसला, आई हसली, वहिनीही पदरानं तोंड पुसता पुसता हसल्या. एवढंच. भावाभावांत याहून वाईट रोज बोललं जातं. पण अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरीचा पत्ता नसलेल्या माणसाला पाहुण्यासमोरचं एवढंही पुरतं. दादा जेवून आडवा झाला तेव्हा धाकट्यानं एकट्यानं गाडी काढली, एकट्यानं खोलली, एकट्यानं बांधली. एकही नट उरला नाही. चिंधी बांधली होती का? इथं येऊन त्याचं डोकं एकोणीस वर्षं अडायचं. बांधली नसावी. मला तपासणारा नको, असं काहीतरी त्याच्या मनात होतं खरं. पण रात्री दवाखान्यातून परत आला तेव्हा दाराशेजारची खुंटी रिकामी होती, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. रिकामी, म्हणजे चिंधी कुणीतरी घेतली होती. म्हणजे कदाचित त्यानंच बांधली असेल, आणि दादानं सोडून खिशात टाकली असेल, आणि मग दाबणं दादाचं काम होतं. त्या रिकाम्या खुंटीवर त्यानं सगळं आयुष्य टांगलं होतं. अपघाताची चौकशी झाली, चूक समोरच्या ट्रकची असं लिहिलं गेलं, मोडलेली गाडी भंगारात गेली, ब्रेक कुणी पाहिलाच नाही. पण एक गोष्ट होती जिला खुंटी काय, काहीच आधार देऊ शकत नव्हतं. ती गोष्ट म्हणजे साबण.

"काका, तुला एक सांगू?" भिंगरी नव्या पॅडचं पाकीट दातानं फाडत म्हणाली. ती पॅडकडं बघत होती, त्याच्याकडं नाही. "त्या दिवशी मी मैत्रिणीकडं खेळायला गेले होते ना, तिथून घरी फोन केला होता. बाबाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये, नाहीतर मी बोलणार नाही तुझ्याशी. कट्टी म्हटलं. मग तो घाईत निघाला." तिनं पॅड त्याच्या हातात दिला. "सगळी मुलं गेली, मी पायरीवर बसून राहिले. कट्टी तशीच राहिली. मी कुणाला बोलले नव्हते कधी. गेल्या आठवड्यात आईला बोलले." धाकट्यानं पॅड बसवला. दुसरा बसवला. पिन घातली. पाच वर्षांची पोर होती तेव्हा, आणि हे घेऊन ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, त्याच्या शेजारी बसून रोज जेवली. काहीतरी बोलायला हवं होतं. तुझा काय संबंध, वेडे, एवढं तरी. त्यानं कॅलिपर जागेवर धरला, बोल्ट आवळले, डबीचं झाकण लावलं. आता लिव्हर दाबायची होती. त्यानं मुठीवर हात ठेवला, बोटं लिव्हरवर गेली, आणि तिथंच थांबली. ती पोकळ जाणार हे त्या बोटांना ठाऊक होतं. कचेरीत चारदा दाबणारा हात इथं एकदाही दाबेना. "हात धुऊन येतो," तो म्हणाला. "गाडीला हात लावू नकोस." किल्ली त्यानं काढून खिशात घातली, बाहेरून चाचपून पाहिली आणि मगच आत गेला.

मोरीत त्यानं नळ सोडला आणि साबण घेतला. काळा फेस मनगटांवरून ओघळू लागला. अगदी असाच. त्या दिवशी असाच फेस हातावर होता, आधी हात धुऊ, मग दाबू, असं त्यानं ठरवलं होतं, कारण दादाच्या गाडीच्या मुठीला तेल लागलं असतं तर त्यावरूनही ऐकून घ्यावं लागलं असतं. तेवढ्यात बाहेर किक बसली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्या किकला झाली. मध्ये चार-पाच सेकंद होते. "दादा, थांब!" एवढंच म्हणायचं होतं, मोरीच्या खिडकीतून सहज ऐकू गेलं असतं. तो बोलला नाही. त्याच्या मनात आलं ते असं, की जाऊ दे. फाटकापाशी दाबील, पोकळ लागेल, दचकेल जरा. दोन नट उरतात काय! येईल परत ओरडत. ते दचकणं त्याला बघायचं होतं. मग गाडी फाटकाबाहेर पडली, उताराला लागली, आणि परत आली नाही. मागचा ब्रेक दादानं दाबला असेलच, पण त्या उतारावर नुसत्या मागच्यानं चाक घसरतं. चिंधी बांधली की नाही हे विसरता येतं. हे चार-पाच सेकंद त्यानं कधी विसरून पाहिले नाहीत, आणि कुणाला सांगितलेही नाहीत, आई जाताना तिचा हात धरून बसला होता तेव्हाही नाही.

आणि बाहेर गाडी सुरू झाली.

त्याचा हात खिशाकडं गेला. किल्ली खिशात होती. म्हणजे दुसरी किल्ली! पोरीकडं दुसरी किल्ली असते, प्रत्येक गाडीला दोन किल्ल्या असतात, हे त्याच्यासारख्या चारदा बघणाऱ्या माणसाच्या ध्यानात येऊ नये? "थांब!" तो ओरडला. असा ओरडला की शेजारच्या घरातली खिडकी उघडली. फेसाळलेल्या हातांनी दार ढकलत, पायरीवर घसरत तो अंगणात आला. "थांब, भिंगरे, थांब, दाबलेला नाही तो!" भिंगरी गाडीवर बसलीसुद्धा नव्हती. शेजारी उभी राहून तिनं नुसतं इंजिन सुरू केलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. "माहीत आहे, काका. सुरू करून बघत होते फक्त. आईनं सांगितलंय, हे सुटेपर्यंत गाडी हलवायची नाही." तिनं हँडलकडं बोट केलं. हँडलला चिंधी बांधली होती. निळ्या चौकड्यांची, कडा उसवलेली, घडीच्या रेघा तशाच. वहिनी फाटकापाशी उभ्या होत्या, पाठ फाटकाला टेकलेली, जणू गाडी निघालीच तर त्यांच्यावरून जावी.

भिंगरीनं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं आणि त्या शांततेत धाकटा बोलला. उभ्याउभ्या, साबणाचे हात अंगापासून दूर धरून. दोन नटांपासून सुरुवात केली आणि किकपर्यंत आला, दोन किका, मधले सेकंद, दचकेल असं वाटलेलं, सगळं. काहीही नीट लावून बोलला नाही. "तुझ्या फोनमुळं नाही गेला तो," शेवटी म्हणाला. "घाई त्याला रोजच असायची. ब्रेक पोकळ होता. मी केलेला. आणि मी ऐकत होतो." भिंगरीचा चेहरा त्याला दिसत होता, पण तिथं काय आहे ते वाचायची हिंमत होत नव्हती, म्हणून त्यानं वहिनींकडं पाहिलं. "चिंधी," तो म्हणाला, "ही..."

"खुंटीवरून मी काढली," वहिनी म्हणाल्या. "माणूस निरोप घेऊन आला, आणि मी चपला घालायला दारात आले, तर ही समोर खुंटीला. दुपारी गाडीचं काम झालं आणि ही खुंटीलाच, जागची हललेली नाही. मला तेव्हाच कळलं, भाऊजी. सासूबाईंनाही कळायला वेळ लागला नसता. म्हणून कमरेला खोचली आणि तशीच दवाखान्यात आले. एक गेला होता, दुसरा जीव देऊन बसला असता. घरात मग कोण उरलं असतं?" एकोणीस वर्षं त्यांनी त्याला वाढलं होतं, आजारपणात त्याची उशी बदलली होती, आणि पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. धाकटा पायरीवर बसला. "माफ केलं का ते विचारू नका," वहिनी म्हणाल्या. "काही दिवस केलं. काही दिवस नाही झालं. ते साबणाचं आज कळलं, त्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात ही म्हणाली, बाबा माझ्यामुळं गेला. तेव्हा म्हटलं, आता पुरे. मी सांगितलं असतं तर चुगली झाली असती. तुमच्या तोंडून यायला हवं होतं."

मग भिंगरी हँडलकडं वळली. "आई म्हणाली, दाबायचं दुसऱ्यानं. हो ना?" तिनं विचारलं. धाकट्यानं मान हलवली. तिनं उजवा हात मुठीवर ठेवला आणि लिव्हर दाबली. ती सरळ मुठीला जाऊन टेकली, काही अडलं नाही, आवाजही झाला नाही. भिंगरीनं ती सोडली नाही. तशीच धरून ठेवली, मान खाली घालून. "असंच लागलं असेल त्याला?" तिनं विचारलं. "हो," धाकटा म्हणाला. तिनं लिव्हर सोडली, दुसऱ्यांदा दाबली, तिसऱ्यांदा दाबली. चौथ्यांदा लिव्हर अर्ध्यातच घट्ट अडली. 'भरला' असं म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आज त्यालाही ते सांगावंसं वाटलं नाही. चिंधीच्या गाठीला तिनं बोट लावलं आणि गाठ तशीच राहू दिली.

"हात धुवा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "साबण वाळलाय."

तो आत गेला. नळ त्यानं अगदी बारीक सोडला, बाहेरचं ऐकू यावं म्हणून. फाटक वाजलं नाही. गाडी सुरू झाली नाही. नुसती लिव्हर वाजत होती, दाबली की किंचित कुरकुर, सोडली की टक. तो मोजू लागला. पाच झाले, सहा झाले, सात झाले. ब्रेक केव्हाच भरला होता. तरी पोर दाबतच होती.